कुठल्या गावचा पाटीलपाडा?

वर्गात नवीन आलेल्या मुलाला पत्ता विचारला की ते पाड्याचं नाव सांगतं. ‘पाटीलपाडा.’ एवढंच. मग मी विचारते, ‘कुठल्या गावचा?’ आमच्या भागात पाटीलपाडे एकाहून जास्त आहेत, डोंगरीपाडेही. मूल मात्र गोंधळून माझ्याकडे बघतं. त्याच्या लेखी पाटीलपाडा एकच, ते राहतं तो. हा प्रश्न मी वीस वर्षं मुलांना विचारत आले आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत संगणक मला तोच प्रश्न विचारत होता. तो हेच विचारतोय, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

मी डहाणू तालुक्यातल्या आगरची. नोकरी तलासरी तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. ‘आगर’ म्हटलं की लोकांना मिठागर आठवतं, नाहीतर नारळी-पोफळीची वाडी. मध्य प्रदेशात तर आगर-माळवा नावाचा अख्खा जिल्हा आहे. त्यामुळे गावाबाहेर पडलं की ‘डहाणूचं आगर’ असं सांगायची सवय लहानपणापासूनची. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा ठाणे आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून पत्त्यात पालघर लिहिते. गाव जागचं हललं नाही, नावामागचा जिल्हा तेवढा बदलला.

या सगळ्याची सुरुवात परिसर अभ्यासाच्या तासाला झाली. मुलांना आपल्या तालुक्याचा नकाशा काढायला लावायचा, त्यात आपलं गाव, आपला पाडा आणि जवळची नदी दाखवायची, असं मनात होतं. त्यासाठी डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या गावापाड्यांची यादी हवी होती, आणि तीही मराठीत. इंग्रजी अक्षरांतल्या याद्या मिळत होत्या, पण त्यावरून नाव परत मराठीत आणताना काना-मात्रा हरवतात. ‘वसा’चं कुणी ‘वासा’ करतं. स्वतःच्या गावाचं नाव मुलांनी चुकीचं लिहावं, हे मला चालणार नव्हतं.

पुण्यात संगणकाचं काम करणारा माझा भाचा म्हणाला, “आत्या, ओपनस्ट्रीटमॅप बघ.” हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. तो जगभरचे स्वयंसेवक भरतात आणि त्यातली माहिती कुणालाही उतरवून घेता येते. गावाच्या नेहमीच्या नावासोबत मराठी नाव वेगळ्या खणात ठेवायची सोयही त्यात आहे. भाच्यानं मला दोन फायली काढून दिल्या, एक डहाणूची, एक तलासरीची. दोन्हींत फक्त वस्त्या आणि नद्या. “यातून यादी करायचा छोटा प्रोग्राम तू स्वतः लिही. पायथन शिकतेच आहेस ना?” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी खरंच शिकत होते. पुस्तकाचे पाच धडे झाले होते.

फाईल एक्सएमएलमध्ये होती. १९९८ च्या फेब्रुवारीत ठरलेली ही मांडणी मला पहिल्या नजरेतच समजली आणि आवडलीही. प्रत्येक वस्तूला एक उघडणारी खूण आणि एक बंद करणारी, आणि दोघींच्या मधे जे असेल ते त्या वस्तूचं. वस्तीचा ठिपका म्हणजे ‘नोड’. त्याच्या अंगावर अक्षांश-रेखांश आणि पोटात ‘टॅग’. एका टॅगमध्ये नाव, दुसऱ्यात मराठी नाव, तिसऱ्यात ते गाव आहे की पाडा आहे ते. पाडा गावाच्या पोटात, गाव तालुक्याच्या पोटात, तसंच हे. फाईल डोळ्यांनी वाचताना कुठला टॅग कुठल्या नोडचा, ही शंका एकदाही आली नाही. पुढचा सगळा घोळ त्याच खात्रीतून झाला. मला जे दिसतंय ते प्रोग्रामलाही दिसत असणार, असं मी धरून चालले.

पुस्तकात एक्सएमएल वाचायची जी पद्धत होती, तिचं नाव सॅक्स. तीही १९९८ चीच, डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकारानं अनेक प्रोग्रामरांनी मिळून ठरवलेली. तिच्यात वाचणारा, म्हणजे पार्सर, फाईल वरून खाली एकदाच वाचत जातो आणि वाटेत जे दिसेल ते पुकारतो. ‘नोड सुरू झाला.’ ‘टॅग सुरू झाला.’ ‘टॅग संपला.’ ‘नोड संपला.’ फाईल कितीही मोठी असली तरी ती सगळी स्मरणात धरून ठेवायची गरज पडत नाही. त्याच्या हाकेला काय करायचं ते आपण एका क्लासमध्ये लिहून ठेवायचं. ‘सुरू’च्या हाकेला एक फंक्शन, ‘संपला’च्या हाकेला दुसरं. क्लासला मराठीत वर्गच म्हणतात, त्यामुळे मला उगाच धीर आला होता.

पायथनमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात, हे कळल्यावर तर फारच आनंद झाला. मी ‘नोंद’ आणि ‘यादी’ अशी नावं घेतली. ‘सुरू’च्या फंक्शनमध्ये लिहिलं: नोड आला तर नवी कोरी ‘नोंद’ तयार कर, टॅग आला तर त्यातलं नाव ‘नोंद’मध्ये टाक. दोन्ही गोष्टी एकाच फंक्शनमध्ये, तीन ओळींच्या अंतरावर. आधी चाचणीसाठी हातानं एक छोटी फाईल केली. तिच्यात तीनच गावं होती, आगर, नरपड आणि घोलवड.

प्रोग्राम चालवला. पहिल्याच टॅगवर थांबला. तक्रार अशी की ‘नोंद’ या नावाला अजून काही दिलेलंच नाही.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. दिलेलं नाही कसं? वर तीन ओळींवर दिलंय की! शब्द तोच, काना-मात्रा-अनुस्वार तेच. मी ‘नोंद’ पुसून पुन्हा टाइप केलं. मग वाटलं, देवनागरीमुळे होत असेल, म्हणून इंग्रजी नाव घेतलं. तक्रार तीच. पंखा बंद, दुपारची वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी उतरत चाललेली, आणि समोर मीच लिहिलेली ओळ मला खोटं ठरवत होती. मुलं गणितापाशी येऊन गप्प बसतात तेव्हा त्यांना नेमकं काय होतं, ते त्या दुपारी मला आतून कळलं.

दुसऱ्या दिवशी वाटलं, नाव फंक्शनच्या आत असल्यामुळे दिसत नसेल, ते बाहेर काढावं. म्हणून ‘नोंद’ क्लासमध्ये सगळ्यात वर नेऊन ठेवली, फंक्शनच्याही आधी. आता ती क्लासमधल्या सगळ्यांना दिसणारच. पुन्हा चालवलं. या खेपेला वेगळी तक्रार: ‘नोंद’ नावाचं इथे काही नाही.

त्या रात्री भाच्याला फोन केला. मी सांगत गेले, तो ऐकत गेला. मग म्हणाला, “आत्या, ‘सेल्फ’ लावलंस का पुढे?”

“म्हणजे काय लावायचं?”

“नोंद नाही, सेल्फची नोंद. फंक्शनच्या आत नुसतं नाव लिहिलंस की पायथन आधी त्या फंक्शनमध्ये बघतो, मग फाईलच्या मोकळ्या मैदानात. क्लासच्या अंगणात तो बघतच नाही. तिथलं हवं असेल तर कुणाचं ते सांगावं लागतं.”

‘कुणाचं ते सांगावं लागतं’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तरी ते डोक्यात उतरलं नव्हतं. सांगितलं तसं ‘सेल्फ’ लावलं आणि प्रोग्राम पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेला. यादी छापली गेली. तिच्यात बरोबर तीन नोंदी होत्या.

घोलवड. घोलवड. घोलवड.

हे पाहिल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही. तक्रार आली असती तर बरं वाटलं असतं. इथे प्रोग्राम तक्रार न करता चुकीचं उत्तर देत होता. आगर कुठे गेलं? नरपड कुठे गेलं? फाईलमध्ये ती दोन्ही नावं मला स्वच्छ दिसत होती.

उत्तर सापडलं ते फळा पुसताना. सुट्टीत एक दिवस शाळेत जायचं होतं, साहित्य मोजायला. वर्गात फळ्यावर शेवटच्या दिवशीची बेरीज तशीच होती. ती पुसताना हात थांबला. तास संपला की फळा पुसायचा. पुढच्या तासाचे शिक्षक येतील तेव्हा त्यांना कोरा फळा मिळाला पाहिजे. आधीच्या तासाला काय लिहिलं होतं, ते फळा सांगू शकत नाही.

फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल म्हणजे फळ्यावरचं लिखाण. पार्सर ‘नोड सुरू झाला’ म्हणतो तो एक तास. ‘टॅग सुरू झाला’ म्हणतो तो दुसरा तास. फंक्शन तेच, खोली तीच, फळाही तोच, पण मधे तो पुसला गेलेला आहे. मला माझ्या दोन ओळी एकाखाली एक दिसत होत्या म्हणून त्या एकाच वेळी घडतात असं वाटत होतं. प्रत्यक्षात त्या दोन वेगवेगळ्या हाकांना घडत होत्या, आणि हाका मी मारत नव्हते, पार्सर मारत होता. पुस्तकातल्या पहिल्या पाच धड्यांत सगळं काम मी स्वतः, क्रमानं करत होते. इथे काम माझं, पण कधी करायचं ते दुसराच ठरवणार. एका हाकेतलं पुढच्या हाकेपर्यंत टिकवायचं असेल तर ते फळ्यावर ठेवून चालत नाही, वहीत उतरवावं लागतं. क्लासवरून तयार होणारा प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे एक विद्यार्थी, आणि ‘सेल्फ’ म्हणजे त्या विद्यार्थ्याची स्वतःची वही.

मग तीन घोलवड का? मी पाठकोरा कागद घेऊन पार्सर झाले आणि एकेक हाक मोठ्यानं वाचली. ‘नोंद’ मी एकदाच केली होती, क्लासच्या वर. नोड आला, तिच्यात ‘आगर’ लिहिलं. नोड संपला, ती यादीत ठेवली. दुसरा नोड आला, त्याच नोंदीत ‘आगर’ खोडून ‘नरपड’ लिहिलं आणि तीच पुन्हा यादीत ठेवली. तिसऱ्यांदा तसंच. यादीत तीन नोंदी नव्हत्याच. एकाच कागदाकडे तीन बोटं होती, आणि त्या कागदावर शेवटी लिहिलेलं नाव घोलवड. यादीत ठेवणं म्हणजे नक्कल करून ठेवणं, अशी माझी समजूत होती. पायथन नक्कल करत नाही, ती वस्तू कुठे आहे तेवढं सांगून ठेवतो. प्रत्येक नोड सुरू होताना ‘सेल्फ’मध्ये नवा कोरा कागद घेतला आणि आगर, नरपड, घोलवड ओळीनं उभी राहिली. त्या तीन नावांकडे मी किती वेळ बघत होते, सांगता येणार नाही.

आता तलासरी. दुसरी छोटी फाईल केली, तिच्यात उधवा आणि झरी. त्याच क्लासचे दोन ऑब्जेक्ट केले, एक डहाणूसाठी, एक तलासरीसाठी. किती गावं झाली ते मोजायला ‘मोजणी’ नावाचं एक व्हेरिएबलही होतं. ‘यादी’सारखंच तेही क्लासमध्ये सगळ्यात वर, शून्य ठेवून, आणि प्रत्येक गावाला त्यात एक मिळवायचा.

तलासरीची मोजणी आली २. बरोबर. तलासरीची यादी छापली तर तिच्यात ५ गावं. आगर, नरपड, घोलवड, उधवा, झरी.

एकाच जागी, एकाच पद्धतीनं ठेवलेल्या दोन गोष्टी. त्यातली मोजणी प्रत्येकाची वेगळी राहिली आणि यादी मात्र एकत्र झाली. या कोड्यानं मला सगळ्यात जास्त छळलं, आणि सगळ्यात जास्त शिकवलंही. पुन्हा फोन न करता उत्तर काढायचं, असं ठरवलं.

क्लासच्या वरती ठेवलेलं व्हेरिएबल म्हणजे वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता. तो कुणा एका मुलाचा नसतो, सगळ्यांना दिसतो. तलासरीचा ऑब्जेक्ट ‘सेल्फची मोजणी’ म्हणतो, तेव्हा आधी स्वतःची वही उघडतो. तिथे नसेल तर भिंतीकडे बघतो. भिंतीवर शून्य आहे. त्यात एक मिळवला की नवा अंक तयार होतो, आणि तो लिहिला जातो स्वतःच्या वहीत. भिंतीवरचं शून्य तसंच राहतं. म्हणून मोजणी वेगळी. यादीचं तसं होत नाही. ‘सेल्फच्या यादीत हे गाव घाल’ म्हटल्यावर वहीत यादी नाही, म्हणून भिंतीकडे बघितलं, भिंतीवर यादी दिसली, आणि नाव थेट तिथेच लिहिलं. वहीत काही उतरवलंच नाही. डहाणूनंही तिथेच लिहिलं होतं. भिंतीवरून वाचून आपल्या वहीत नवं लिहिणं आणि भिंतीवरच लिहिणं, हा तो फरक.

उपाय एवढाच की प्रत्येक ऑब्जेक्ट जन्माला येतो तेव्हाच त्याला स्वतःची कोरी यादी द्यायची. पायथनमध्ये त्यासाठी एक खास फंक्शन असतं, ऑब्जेक्ट तयार होताच चालणारं. यादी तिथे हलवली आणि दोन तालुके वेगळे झाले.

मग खऱ्या फायली लावल्या. डहाणूची यादी सरसर छापली गेली, मराठी नावांसकट. मी एकेक नाव बोटानं वाचत खाली आले. शेवटची वस्ती: सूर्या.

सूर्या ही आमची नदी. कासावरून वाहते, पुढे वैतरणेला मिळते. सूर्या नावाचा पाडा मी कधी ऐकला नव्हता. पण आता घाबरले नाही. कागद घेतला आणि पुन्हा पार्सर झाले. या नकाशाच्या फाईलमध्ये आधी सगळे नोड येतात, मग रेषा, म्हणजे नद्या. रेषांच्या पोटातही नावाचे टॅग असतात. शेवटचा नोड संपला, त्याची नोंद यादीत गेली, पण तीच नोंद ‘सेल्फ’च्या हातात अजून उघडी होती. पुढे नद्या आल्या. त्यांची नावंही त्याच उघड्या कागदावर एकावर एक लिहिली गेली. सगळ्यात शेवटी आली ती सूर्या. त्या बिचाऱ्या शेवटच्या पाड्याचं नाव नदीनं वाहून नेलं होतं.

‘नोड संपला’ या हाकेला नोंद यादीत ठेवल्यावर हात रिकामा करायचा, आणि टॅग आला तर हातात काही आहे का ते आधी बघायचं. दोन ओळी वाढवल्या आणि पाड्याला त्याचं नाव परत मिळालं. पहिल्या वेळी टिकायला हवं होतं ते पुसलं गेलं होतं. या वेळी पुसायला हवं होतं ते टिकलं होतं. दोन्ही चुकांच्या मुळाशी प्रश्न एकच: ही वस्तू कुणाची, आणि कुठपर्यंत त्याची? पुस्तकात याला स्कोप म्हणतात, मराठीत व्याप्ती. पाचव्या धड्यात मी त्याची व्याख्या पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र सूर्या यादीत आली त्या दिवशी समजला.

भाच्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “एवढ्याशा फाईलला दुसरी सोपी पद्धत होती, आत्या. एलिमेंटट्री. ती सगळी फाईल झाडासारखी स्मरणात उभी करते. नोड हातात घेतलास की त्याचे टॅग त्याच्याजवळच असतात, काही लक्षात ठेवावं लागत नाही.” मी ती पद्धतही करून पाहिली. खरंच दहा-बारा ओळींत काम झालं. मला जे डोळ्यांना दिसत होतं, कुणाच्या पोटात काय, ते तिथे तसंच्या तसं मिळतं. नव्यानं शिकणाऱ्यानं छोट्या फाईलसाठी तिथूनच सुरुवात करावी, असं मी मनापासून सांगेन. तरीही ते तीन आठवडे वाया गेले असं मला वाटत नाही. झाडाच्या पद्धतीत नात्यांची नोंद दुसरं कुणीतरी ठेवतं. ती ठेवणं म्हणजे काय, हे मला स्वतः ठेवून कळलं.

आणखी एक सांगते. अडले की आता मी आधी दोन-तीन नोंदींची छोटी फाईल करते, कागद घेते, आणि प्रत्येक हाकेला फळ्यावर काय आहे, वहीत काय आहे, भिंतीवर काय आहे, असे तीन रकाने भरते. चूक कुठल्या ना कुठल्या रकान्यात सापडतेच. हे मी मुलांकडून करून घेत आले होते. स्वतः मात्र कधी केलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. दोन्ही तालुक्यांच्या याद्या छापून वर्गात लावल्या. आपापलं गाव शोधायला मुलांची झुंबड उडाली. याद्यांत कित्येक नोंदींपुढे मराठी नावाचा खण रिकामा होता, आणि कित्येक पाडे नव्हतेच. एक मुलगी बराच वेळ बोट फिरवत उभी होती. तिचा पाडा तिला सापडला नाही. नकाशा भरणारे स्वयंसेवक तिथपर्यंत पोचले नव्हते.

दुपारच्या सुट्टीत तिला माझ्या शेजारी बसवलं. उपग्रहाच्या चित्रात तिनं आधी शाळा ओळखली, मग ओहोळ, मग आपल्या घराजवळचं मोठं झाड. तिनं बोट ठेवलं तिथे मी नवा नोड ठेवला. नावाचा खण उघडला आणि विचारलं, “काय लिहू?”

ती म्हणाली, “पाटीलपाडा.” मग माझ्या तोंडातून प्रश्न यायच्या आतच तिनं गावाचं नाव सांगितलं, आणि तालुक्याचंही.